स्विच ऑफ असताना पण मीटर ३ व्होल्ट कसं काय दाखवायलंय?

खानापूर_दहावी:
मराठी मीडियमला दहावीत आहे. टॉर्चचे दोन सेल, स्विच आणि छोटा बल्ब सिरीजमध्ये जोडलाय. स्विच ऑन केला की बल्ब लागतोय, बल्बवर मल्टीमीटर धरला की ३ च्या जवळपास येतंय, तेवढं कळलं. खरं ऑफ केल्यावर बल्बवर शून्य, आणि स्विचच्याच दोन टोकांना धरला तर पूर्ण ३! करंटच नाही तर व्होल्टेज कुठनं आलं? व्ही = आय × आर (व्होल्टेज = करंट × रोध) मध्ये आय शून्य घातला तर व्ही पण शून्यच की.

वायरमन_निपाणी:
भावा, वाहतो तो करंट, व्होल्टेज म्हणजे दोन टोकांतला फरक. नळ बंद असला तरी टाकीचा दाब नळापाशी असतोयच की. घरच्या बोर्डात पण तेच, ऑफ स्विचच्या एका टोकाला फेज, दुसऱ्याला बल्बमधनं आलेला न्यूट्रल, मधे २३० व्होल्ट. आणि काही ठिकाणी स्विच न्यूट्रलवरच टाकलेला असतोय, मग स्विच ऑफ असूनही होल्डर जिवंत! मेन पाडल्याशिवाय हात घालू नको.

चिकोडीच्या_बाई:
फॉर्म्युला बरोबरच आहे, जागा चुकली. तो बल्बला लाव: आय शून्य म्हणून व्ही शून्य, मीटरनं तेच दाखवलं. ऑफ स्विच म्हणजे हवेची फट, तिथं रोध एवढा प्रचंड की शून्य गुणिले अनंत असलं काहीतरी होतं, त्यातनं उत्तर निघत नाही. तिथं पूर्ण सर्किटची फेरी मारून व्होल्टेजचा हिशेब करायचा. सेल प्रत्येक कूलंबमागं (कूलंब म्हणजे विद्युतभाराचं माप) ३ ज्यूल ऊर्जा द्यायला तयार आहेत म्हणजे ३ व्होल्ट, तेवढेच बल्ब आणि स्विच मिळून भरायला पाहिजेत. बल्बवर शून्य तर उरलेले सगळे स्विचवर.

खानापूर_दहावी:
हां मॅडम, आता डोक्यात शिरलं. खरं स्विचला मीटर लावला की मीटरमधनंच सर्किट पूर्ण होतंय की, मग बल्ब का लागत नाही?

चिकोडीच्या_बाई:
छान पकडलंस, हे बरेच जण विचारतच नाहीत. होतंच पूर्ण. खरं व्होल्टवर ठेवलेल्या डिजिटल मीटरचा रोध दहा लाख ओहम किंवा त्याहून जास्त, बल्बचा साधारण दहा, आणि सिरीजमध्ये वाटणी रोधाच्या प्रमाणात, म्हणून बल्बच्या वाट्याला ०.००००३ व्होल्ट. करंट ३ मायक्रोॲम्पियर, तेवढ्यात काय लागणार. तोच मीटर १० ॲम्पियरच्या रेंजवर, लाल वायर त्या सॉकेटात घालून लाव, बल्ब लागेल कारण ॲमीटरचा रोध जवळजवळ शून्य. फक्त तसा मीटर थेट सेलला लावू नको, शॉर्ट होईल.

वायरमन_निपाणी:
आणि घरच्या प्लगात तर अजिबातच नको.