मदत हवी आहे: पाणथळीतून बाहेर पडणारं पाणी आत येणाऱ्यापेक्षा काळं का?

मंडळी,

आमच्या वसाहतीतल्या रस्त्यांवरचं, गच्च्यांवरचं आणि पार्किंगमधलं पावसाचं पाणी पूर्वी थेट ओढ्यात जायचं. दोन वर्षांपूर्वी वाटेत एक छोटी कृत्रिम पाणथळ केली. पाणी येतं ते साधारण दीड हेक्टर पक्क्या जमिनीवरून. पाणथळ ३०० चौरस मीटर, जवळजवळ चौकोनी, सरासरी खोली ४० सेंटिमीटर. पाणकणीस, लव्हाळे, काठाने कर्दळ. पहिलं वर्ष झकास गेलं. बेडूक आले, चतुर आले, लोक फोटो काढायला यायचे.

यंदा पहिल्याच मोठ्या पावसात (तासाभरात ४० मिलिमीटर) आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या दोन बरण्या भरून रात्रभर खिडकीत ठेवल्या. सकाळी आतल्या बरणीत तळाला बोटभर रेती, वर तेलाचा तवंग, मधलं पाणी बऱ्यापैकी निवळलेलं. बाहेरच्या बरणीतलं पाणी तपकिरी, त्यात काळे कण तरंगताहेत आणि झाकण उघडल्यावर सडक्या अंड्यांचा वास. आपण पाणी सुधारतोय की नासवतोय, तेच कळेना.

डासही वाढलेत. बैठकीत ‘बुजवून टाका’ असा सूर आहे. पाणकणीस मुळापासून काढू का? हवा सोडणारा पंप बसवू का?

गाळमित्र:
पंप अजिबात नको. आधी हिशोब करा. तुमच्या पाणथळीत मावतं १२० घनमीटर. दीड हेक्टरवर ४० मिलिमीटर म्हणजे ६०० घनमीटर. तासाभरात पाचपट पाणी त्यातून धावत गेलं. दोन वर्षं निवांत बसलेला गाळ त्याने खरवडून ओढ्यात नेला, तोच तुमच्या बरणीत आहे.

काळा गाळ मुळात शत्रू नाही. ऑक्सिजन नसलेल्या त्या थरातच जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. त्याला ढवळलं की बिघडतं, आणि पंप नेमकं तेच करेल.

खरी दुरुस्ती तोंडाशी आहे. ठरावीक पातळीच्या वरचं पाणी बाजूने परस्पर ओढ्यात जाईल असा सांडवा काढा. रस्त्यावरचं तेल, टायरचं जस्त, ब्रेकचं तांबं बरंचसं पहिल्या सरींबरोबर वाहून येतं. पहिले ७-८ मिलिमीटर आत घेतले तरी तुमचं काम होतं. पाणथळीला जास्त पाणी पाजलं म्हणजे जास्त शुद्ध होतं, हा गैरसमज फार जणांचा असतो. माझाही होता.

एक विचारतो: पाणी शिरतं कुठून, निघतं कुठून? आणि तोंडाशी गाळकुंडी आहे का?

धागाकर्ता:
दोन्ही पूर्वेकडेच, जुनं गटार तिथे होतं म्हणून. आज तोंडाशी एक वाळकं पान सोडून बघितलं. चार मिनिटांत बाहेर! पश्चिमेकडचा अर्धा भाग नुसता साचलेला. गाळकुंडी आहे, पण काठोकाठ भरलीय. ती उपसायची असते हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

गाळमित्र:
मग पाणथळ कागदावर ३०० चौरस मीटर, काम करणारी त्याच्या निम्मी. मध्ये मातीचा आडवा बांध घालून पाण्याला वळसा घ्यायला लावा. वाटेची लांबी रुंदीच्या तिप्पट तरी हवी. कुंडी अर्धी भरली की उपसायची.

लव्हाळा:
पाणकणीस मुळापासून काढू नका. देठांवरच्या बुळबुळीत थरातले जीव खूप काम करतात, ते बसणार कशावर? एका वर्षी अर्धा भाग कापा, पुढच्या वर्षी उरलेला, आणि कापलेलं बाहेर न्या. आत कुजलं तर फॉस्फरस पुन्हा पाण्यातच.

डासांबद्दल वेगळीच शंका आहे. कोरड्या दिवसांत पाणी येतं का?

धागाकर्ता:
येतं. आठ दिवस पाऊस नाही, तरी करंगळीएवढी धार आहे. फेसही येतो. मला वाटलं, झिरप असेल.

लव्हाळा:
झिरपीला फेस येत नाही. कुणाचं तरी सांडपाणी पावसाळी गटारात सोडलंय. क्युलेक्स डासांना असं घाण पाणी मानवतं आणि त्यांच्या अळ्या खाणारे बरेचसे मासे त्यात टिकत नाहीत. झाकणं उघडत वरच्या बाजूला जा.

धागाकर्ता:
सापडलं! तिसऱ्या चेंबरमध्ये टॉर्च मारला तर भिंतीतून नवाकोरा पांढरा पाइप. धुण्याच्या मशीनचं पाणी. मालकांना खरंच माहीत नव्हतं. प्लंबरने जवळचं गटार बघून जोडून दिलं. पुढच्या आठवड्यात पाइप वळवतायत. सांडव्याचं आणि बांधाचं बैठकीत मांडतो.

शेवटचं विचारतो: कुंडीतला गाळ बागेत टाकला तर चालेल का?

गाळमित्र:
नको. रस्त्यावरचे धातू आणि तेल त्यातच बसलेलं असतं. काठापासून दूर वाळवा, प्रयोगशाळेत तपासून घ्या, मग ठरवा. भाजीच्या वाफ्यात तर मुळीच नाही.

धागाकर्ता:
बरं झालं विचारलं. दोन घमेली कालच कुणीतरी नेलीत. आता ती शोधायला निघालो.