‘ॲट द रेट’ कोणाचं? इंटरनेटची भाषा बोलणाऱ्यांनी घडवली की विकणाऱ्यांनी?

मोडेमची खरखर:
माझं ठाम मत आहे की ही भाषा बिनपैशाच्या गप्पांत तयार झाली आणि बाजार नंतर आयत्या बिळात शिरला. १९८२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात, लिफ्ट तुटून कोसळली तर आत ठेवलेल्या पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल, यावर संगणकावर गंमत चालली होती. कोणी चेष्टेने लिहिलं की लिफ्टमध्ये पारा सांडलाय, आणि काहींना ते खरं वाटलं. त्यानंतर १९ सप्टेंबरला तिथलेच संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी सुचवलं: विनोद असेल तिथे :-) लिहा, आडवं वाचा. समोर चेहरा नाही, म्हणून तीन चिन्हांत हसू बसवलं. यात विक्री कुठे आली? उलट १९७८ मध्ये एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर, सुमारे चारशे जणांना एकदम जाहिरात धाडली, तेव्हा लोक खवळले होते.

खतावणी:
तुमच्या ईमेल पत्त्याच्या मधोमध बसलेलं चिन्हच दुकानातलं आहे! आमच्या हार्डवेअरच्या दुकानात वडील बिलावर ‘खिळे ५ किलो @’ लिहून पुढे भाव घालत. फोनवर पत्ता सांगताना आपण ‘ॲट द रेट’ म्हणतो ते त्यामुळेच. हिशेबाला लागायचं म्हणून ते कळफलकावर होतं, आणि म्हणूनच १९७१ मध्ये जाळ्यावरून पहिला ईमेल पाठवणाऱ्या रे टॉमलिन्सन यांना पत्त्यासाठी सापडलं.

दुसरं, अमेरिकी सरकारच्या एनएसएफनेट या संशोधनासाठीच्या जाळ्यावर धंद्याला मनाई होती, तोवर ही भाषा मुख्यतः विद्यापीठं आणि प्रयोगशाळांतच फिरली. एप्रिल १९९५ मध्ये ते जाळं बंद होऊन वाहतूक खासगी कंपन्यांकडे गेली. पुढच्याच वर्षी हॉटमेल आलं. प्रत्येक पत्राखाली त्यांची फुकट ईमेलची एक ओळ असायची. त्या ओळीमुळे मला पहिला पत्ता मिळाला. तिला मी उपरी कशी म्हणू?

मोडेमची खरखर:
चिन्ह दुकानातलं, मान्य. पण टॉमलिन्सन यांनी ते भाव सांगायला घेतलं नाही. माणसांच्या नावांत ते येत नाही आणि ‘अमुक ठिकाणचा’ असा अर्थ देतं, म्हणून घेतलं. आणि १९९३ विसरू नका. मिनेसोटा विद्यापीठाने गोफर या वेबसारख्याच माहिती शोधायच्या सोयीच्या सर्व्हरसाठी पैसे मागायचं ठरवलं, तर सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने वेब सगळ्यांना मोफत खुलं केलं. लोक कुठे गेले?

पाटीपेन्सिल:
दोघेही इंग्रजीतच अडकलात. सायबर कॅफेत आपण मराठी रोमन अक्षरांत लिहायचो, कारण एकाचा फॉन्ट दुसऱ्याकडे नसला की पत्राचा नुसता चिखल व्हायचा. ‘बाळ’ आणि ‘बाल’ एकच दिसायचे, मग ‘ळ’साठी मोठा एल टाकायची सवय लागली. ती कोणत्या कंपनीने शिकवली नाही. आमचं आम्हीच भागवलं, कारण बाजाराला तेव्हा मराठी गिऱ्हाईक दिसतच नव्हतं.

खतावणी:
आणि तो ‘ळ’ परत कोणी दिला? युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या कोशाने. तो चालवणारी संघटना मुख्यतः संगणक कंपन्यांचीच आहे. एकच माल जगभर विकायचा तर सगळ्या लिप्या एका कोशात हव्यात, हा धंद्याचाच हिशेब होता.

पाटीपेन्सिल:
कोश कंपन्यांचा, खरं आहे. पण त्यातली देवनागरीची मांडणी आपल्या इथल्या ‘इस्की’ या भारतीय लिप्यांसाठीच्या सरकारी कोशावरून घेतलेली आहे. तेवढं श्रेय तुमच्या खतावणीत वेगळ्या पानावर मांडा.