अनुभव: हरवलेलं आणि पुन्हा सापडलेलं गाणं

महालची_लेक
परवा नागपूरच्या महाल भागात आईकडे माळा आवरायला घेतला आणि बाबांची कॅसेटची पेटी निघाली. एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर निळ्या शाईत 'रेडिओ, मे' एवढंच लिहिलेलं. जुना टेपरेकॉर्डर चालू निघाला, नशीब.

आमच्याकडचं 'शुक्रतारा' पहिल्या शब्दाविनाच आहे. बाबांनी रेकॉर्डिंगचं लाल बटण उशिरा दाबलं, त्यामुळे गाणं सुरूच होतं 'मंद वारा'पासून. मी तसंच पाठ केलं, अजूनही गुणगुणायला तिथूनच लागते. कॉलेजात असताना मैत्रिणीकडे ते पूर्ण ऐकलं तेव्हा सुरुवातीचे सूर कुणीतरी मागाहून जोडलेत असं वाटलं. मग कित्येक वर्षं ऐकलंच नाही. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. परवा ते 'मंद वारा' आलं आणि मी शिडीच्या पायरीवर तशीच बसून राहिले.

तुमचंही असं काही असेल तर लिहा नं.

तर्री_पोहे
अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. चाल खळेकाकांची, शब्द पाडगावकरांचे. माझ्या आईबाबांचं लग्न ठरलं तेव्हापासूनचं गाणं आहे आमच्याकडे. बाकी रात्री लिहितो, दुकानात गर्दी आहे.

गोकुळपेठ_काकू
कॅसेट परत लावू नकोस गं! आधी पट्टीवर पांढरी बुरशी आहे का ते पाहा. असली तर हेडला लागते.

ऊनसावली
माझं उलट. जे लहानपणी नकोसं होतं तेच आता हवं झालंय. आमचे आजोबा वसंतराव देशपांड्यांचा मारवा लावायचे, नेमका दिवेलागणीला. "आपल्या नागपुरात शिकलेला माणूस आहे, सप्रे गुरुजींकडे," हे दर वेळी सांगायचे. मला तो मारवा ऐकून पोटात कालवायचं. उठून गच्चीवर जायची.

गेल्या वर्षी गाणं शिकायला लागले, पन्नाशीत. बाईंनी मारवा समजावला: पंचम नाही, रिषभ कोमल, आणि षड्जावर लवकर टेकायचंच नाही. तेव्हा उमगलं की लहानपणी मला जे होत होतं ते बरोबरच होतं. तो राग बसूच देत नाही कुठे. घरी येऊन आजोबांचीच रेकॉर्ड लावली. या वेळी गच्चीवर गेले नाही.

इंदोऱ्याचा
आमच्याकडे गाणं म्हणजे आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डक. माझी मोठी आई भाकरी थापताना म्हणायची. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलो की कॅसेटच्या दुकानासमोरून हलायची नाही. आम्ही पोरं कंटाळून जायचो, पुस्तकांच्या स्टॉलकडे पळायचो. नंतर नोकरीसाठी पुण्याला गेलो, आठ वर्षं ती गाणी कानावर नाही. परत आलो त्या वर्षी लक्ष्मीनगर चौकातून आत शिरताना एका पेन ड्राइव्ह विकणाऱ्या पोराने त्यातलंच एक गाणं लावलेलं. सगळे शब्द पाठ होते मले. एकही विसरलो नव्हतो.

गोकुळपेठ_काकू
@इंदोऱ्याचा, मोठी आई आहेत का अजून?

इंदोऱ्याचा
आहे नं काकू. ८४. आता कमी ऐकू येते, पण म्हणते अजून.

बुटीबोरी_पॅसेंजर
त्यांचा आवाज आत्ताच भरून ठेवा भाऊ. मी आजीचा नाही ठेवला. ती तुकडोजी महाराजांची भजनं म्हणायची, खंजिरी नव्हती तर डब्याचं झाकण वाजवायची. खंजिरी ऐकली की मले आजही झाकणच आठवते.

ऊनसावली
झाकण! काय गोड.

तर्री_पोहे
आलो. @महालची_लेक, कॅसेटवर 'मे' लिहिलं आहे म्हणता नं? मे महिन्यात कूलर चालू असेल घरी. रेडिओसमोर टेप ठेवून माइकवरून भरलं तर त्याची घरघरही भरली जाते. आमचे बाबा आधी कूलर बंद करायले धावायचे, मग बटण. तुमच्याकडेही तसंच झालं असेल म्हणून पहिला शब्द गेला.

महालची_लेक
थांबा. लावून पाहते.

महालची_लेक
आहे हो. अगदी सुरुवातीला एक घूं घूं, आणि ती हळूहळू मंदावत जाते. इतकी वर्षं मी ती कॅसेटची खरखर समजत होते. पातं थांबायच्या आतच 'मंद वारा' येतं.

आईला विचारलं. म्हणाली, "गाणं संपेस्तोवर कोणी बोलायचं नाही, पंखा लावायचा नाही. मे महिन्याच्या दुपारी. बनियन पिळून काढायचे नंतर."

ऊनसावली
अगं...

बुटीबोरी_पॅसेंजर
डोळ्यात पाणी आलं राव, गाडीत बसलो आहे.

गोकुळपेठ_काकू
लेकी, कॅसेटच्या वरच्या कडेची दोन्ही प्लास्टिकची कानं मोडलेली आहेत का बघ. नसतील तर आत्ताच मोड. चुकून लाल बटण दाबलं तर पुसलं जाईल सगळं.

महालची_लेक
मोडलेलीच आहेत काकू. दोन्ही. बाबांनीच मोडून ठेवलीत.