मदत हवी आहे: क्लिप-ऑन एक्स्टेन्सोमीटरवर मॉड्युलस स्थिर येत नाही

सळईवाला
साकीनाक्याच्या लॅबमध्ये 600 केएनचं (किलोन्यूटन) यूटीएम, म्हणजे सळई ओढून तपासायचं यंत्र; त्यावर 50 मिमी गेज लेंग्थचा एक्स्टेन्सोमीटर, म्हणजे तेवढ्या 50 मिमीत सळई किती वाढली ते मोजणारं उपकरण. सळई एफई 500 डी ग्रेडची, 12 मिमी टीएमटी (बांधकामाची). मॉड्युलस (स्टीलचा ताठपणा, साधारण 200 जीपीए यायला हवा) एका सळईला 142, दुसरीला 185 जीपीए. मग 0.2 टक्के प्रूफ स्ट्रेसवर (ज्या ताणाला सळई 0.2 टक्के कायमची लांबते) भरवसा काय ठेवणार? लोड आणि वाढीच्या कर्व्हला मध्येच पायरीही पडते. कॅलिब्रेशनची मुदत शिल्लक आहे. नाइफ एज (सळईवर टेकणाऱ्या त्याच्या धारा) बदलू की अख्खा एक्स्टेन्सोमीटर?

एक मायक्रॉन
आत्ताच काही विकत घेऊ नका. आकडा दरवेळी सारखाच चुकला असता तर सेटिंगवर संशय घेतला असता. सॉफ्टवेअरमध्ये गेज लेंग्थ 25 राहिली तर मॉड्युलस बरोब्बर निम्मा येतो. तुमचा आकडा हलतोय, म्हणजे दोष बसवण्यात.

हिशोब बघा. 113.1 चौ. मिमीच्या सळईवर लोड 10 वरून 30 केएनला नेला की 50 मिमीत वाढ जेमतेम 0.044 मिमी. सळई किंचित वाकडी असली तर ताठ होताना एका बाजूला 0.018 मिमी जादा दिसते, आणि तुमचे 142 तयार! एक्स्टेन्सोमीटर एकाच बाजूचं वाचतो ना. 30 केएनवरून लोड उतरवा, एक्स्टेन्सोमीटर समोरच्या बाजूला लावा आणि पुन्हा घ्या. दोन्ही वाढींची सरासरी काढायची, मॉड्युलसची नव्हे.

पायरी म्हणजे धार घसरतेय. ती आडव्या रिबच्या (सळईवरच्या उंचवट्याच्या) उतारावर टेकली की लोडबरोबर सरकते. वायर ब्रशने स्केल (वरचा ऑक्साइडचा थर) काढा, दोन्ही धारा रिबांमधल्या सपाट जागेत बसवा. जमत नसेल तर एक्स्टेन्सोमीटर दोन-तीन मिमी वर-खाली करा. तो सळईला धरून ठेवणारे रबर बँड दोन्ही एकाच मापाचे आणि नवे.

क्रम: आधी 2 केएन प्रीलोड (सुरुवातीचा हलका लोड), पिन (धारा 50 मिमीवर अडवणारी) लावलेला एक्स्टेन्सोमीटर चढवा, पिन काढा, मग स्ट्रेनचं (वाढीचं) रीडिंग झीरो. लोडचं रीडिंग झीरो करू नका.

दमट हवा
ते 113.1 नाममात्र आहे. क्षेत्रफळ वजनावरून काढा: किलो भागिले (0.00785 × मीटरमधली लांबी). व्हर्नियर रिबवर धरून 12.9 मोजलंत तर मॉड्युलस 13 टक्क्यांनी पडतो.

आणि हो, पावसाळ्यात कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का तेही बघा. लोड नसतानाच झीरो सरकत असेल तर बहुधा तेच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, डब्यात सिलिका जेल ठेवा.

सळईवाला
फिरवून घेतलं: 0.061 आणि 0.028. सरासरी 0.0445! बँडही सैल पडले होते. आता एकच, एक्स्टेन्सोमीटर काढायचा कधी? त्याची ट्रॅव्हल (मोजता येणारी कमाल वाढ) 5 मिमी आहे.

एक मायक्रॉन
म्हणजे उपकरण ठणठणीत आहे. प्रूफ स्ट्रेसपुरतं 1 मिमी, म्हणजे 2 टक्के, झालं की काढा. तुटेपर्यंत ठेवलात तर त्या झटक्यात धारा जातात आणि आतल्या स्ट्रेन गेजही. तुटल्यानंतरच्या एलाँगेशनसाठी (सळई किती टक्के लांबली त्यासाठी) सळईवर आधीच 60 मिमीच्या खुणा करून ठेवा, 12 मिमीला 5.65√क्षेत्रफळ ही प्रमाणित लांबी तेवढीच येते.