शांततेच्या बोलण्यांना फक्त लढणारेच का बसतात?

मुक्ता: शस्त्रसंधी ठरवायला बसतात ते लढणारेच. ज्यांची पोरं गेली, ज्यांच्यावर अत्याचार झाले, त्यांना मसुदा पेपरात वाचायला मिळतो. सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी ठराव १३२५ करून या प्रक्रियेत स्त्रिया हव्यात असं सांगितलं. तरी फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेने तालिबानशी कतारमधल्या दोह्यात सैन्य माघारीचा जो करार केला, त्यात अफगाण स्त्रियांच्या हक्कांबद्दल एक ओळ नाही. पुढच्याच वर्षी मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या. मला याचा अजूनही संताप येतो.

दर्यावर्दी: संताप समजतो, निष्कर्ष पटत नाही. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी १९८२ साली फॉकलंड बेटांच्या युद्धासाठी आरमार धाडलंच ना? आणि दोह्यात कितीही बायका बसवल्या असत्या, तरी अमेरिकेचं निघायचं ठरलेलं होतं. तह बंदूकवाल्याशीच करावा लागतो.

मुक्ता: बायका जात्याच मवाळ असतात असं मी म्हटलेलं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाचं यादवी युद्ध बघा. २००३ साली लेमा बोवी आणि त्यांच्या ख्रिश्चन-मुस्लिम साथिणी पांढरे कपडे घालून राजधानी मन्रोव्हियात मासळीबाजाराजवळच्या मैदानात उन्हापावसात बसायच्या. तिकडे घानात, अक्राला, सरकार आणि बंडखोरांची बोलणी नुसती रेंगाळत होती. प्रतिनिधी हॉटेलात राहत होते आणि मन्रोव्हियात तोफगोळे पडत होते. जुलैत बायकांनी हात गुंफून सभागृहाची दारं अडवली. अटक करायला माणसं आली तेव्हा लेमा अंगावरचे कपडे उतरवू लागल्या. आईसारख्या बाईने असं करणं तिथे घोर शाप मानतात. मध्यस्थ जनरल अबुबकर यांना त्यांच्याशी बोलावंच लागलं. १८ ऑगस्टला करार झाला.

दर्यावर्दी: अर्धीच गोष्ट सांगताय. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर ११ ऑगस्टला देश सोडून गेले, कारण बंडखोर राजधानीत घुसले होते आणि सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाचं त्यांच्यावरचं युद्धगुन्ह्यांचं आरोपपत्र जूनमध्येच उघड झालं होतं.

पाणकणीस: टेलर गेल्यावर देश सावरायचा होता, त्याचं काय? जानेवारी २००७ मध्ये आपल्या सीआरपीएफची महिला तुकडी तिथे गेली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतली ती पहिलीच संपूर्ण महिला पोलीस तुकडी. २०१६ पर्यंत आपल्या तुकड्या तिथे गस्त घालत होत्या. त्यांना पाहून तिथल्या मुली पोलिसात यायला पुढे झाल्या.

मुक्ता: त्यांचा अभिमान मलाही आहे. पण गस्त कुठे घालायची हे ठरवणाऱ्यांत किती बायका असतात?

दर्यावर्दी: मग माझा खरा प्रश्न हा: तहाला बसणाऱ्या बायकांना निवडतं कोण? कुठल्या तरी संस्थेने पाठवलेली बाई गावाच्या वतीने कशी बोलणार?

मुक्ता: बंडखोर सरदारांना तरी कुणी निवडलं होतं? आणि निवडूनच यायचं तर उत्तर आयर्लंडच्या बायका तशाही आल्या. १९९६ मध्ये महिला आघाडी हा पक्ष काढून त्यांनी शांतता बोलण्यांसाठीच्या निवडणुकीत दोन जागा मिळवल्या. त्यांनी लावून धरलेले हिंसाचारग्रस्तांचे आणि कॅथलिक-प्रोटेस्टंट मुलांच्या एकत्र शिक्षणाचे मुद्दे १९९८ च्या शांतता करारात आले. बंदूकवाल्यांनी ते आपणहून लिहिले असते, असं तुम्हाला वाटतं का?