नात जपानी शिकतेय, मराठीचं काय?

दांडियाबाजारची आजी:
मी इथे बडोद्यात, मुलगा पोर्टलंडला असतो, अमेरिकेत. पाच वर्षांच्या नातीला त्याने रिचमंड शाळेत घातलंय. सरकारी शाळा, पण अर्धा दिवस जपानीत आणि अर्धा इंग्रजीत. १९८९ पासून तिथे हे चालू आहे. परवा कॉलवर तिने बोटं मोजली, "इची, नी, सान." मी म्हटलं, अगं, सान म्हणजे लहान ना? खो खो हसली. तीनला सान म्हणतात!
घरात जपानी कुणालाच येत नाही. होमवर्क कोण घेणार? आणि या खिचडीत मराठी राहील का? मला इथून काय करता येईल?

मकरपुऱ्याचा इंजिनिअर:
आजी, मला नातीचा हेवा वाटतो. मी बत्तिसाव्या वर्षी सुरू केलं, कंपनीत जपानी लोक येतात म्हणून. वाक्यरचना आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. 'गाक्कोओ नी इकिमासु', म्हणजे 'शाळेला जातो'. तो 'नी' शब्दामागे चिकटतो, आपल्या 'ला'सारखा. माझी दांडी उडाली ती उच्चारात. ओबासान म्हणजे आत्या-मावशी, ओबाआसान म्हणजे आजी. पाहुण्या आलेल्या पन्नाशीच्या मॅडमशी बोलताना माझा 'आ' लांबला. त्या हसल्या, साहेब नाही हसले.
लहान मुलांच्या कानात हे आपोआप बसतं. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरचिन्हं, मात्र आपोआप येत नाहीत. जपानात पहिलीतच ८० आणि प्राथमिकच्या सहा वर्षांत १०२६ शिकवतात. नातीला त्या गिरवाव्याच लागतील, तिथे आजी-आजोबा काय करणार!

रावपुऱ्यातला, गुजराती मिडियम:
होमवर्कची काळजी सोडा. ही पद्धत मुळात ज्यांच्या घरी ती भाषा नाही त्यांच्यासाठीच निघाली. १९६५ ला कॅनडात सेंट लँबर्टला इंग्रजी घरांतल्या मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवायला लागले, ते गाजलं.
आपल्या बडोद्यात याचं कौतुक कुणी केलं नाही, एवढंच. मी घरी मराठी, शाळेत गुजराती. आजही मनातला हिशेब गुजरातीतच होतो, बायको हसते. बोलायची मराठी शाबूत राहिली, लिहायची गेली. आईला पत्र लिहिलं की शिरोरेषाच नाही! गुजरातीत नसते ना. मग तिने दुपारी वही घेऊन बसवलं, मला ते मुळीच फावत नव्हतं. रडलो, पण आज हे लिहितोय ते त्यामुळेच.
तेव्हा तुम्ही जपानीच्या वाटेला जाऊ नका. कॉलवर फक्त मराठी बोला, आणि वाचून दाखवा.

दांडियाबाजारची आजी:
बरं. काल चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगितली. शेणाचं घर म्हटल्यावर अडली, शेण म्हणजे काय? ते समजावण्यात पंधरा मिनिटं गेली.
मग मुद्दाम विचारलं, आजीला जपानीत काय म्हणतात? ओबाआसान म्हणाली. 'आ' चांगला लांबवला होता.