मदत हवी आहे: लँकेस्टरच्या मुलींच्या सुधारशाळेतल्या जुन्या नोंदी

नमस्कार मंडळी,

मी मॅसॅच्युसेट्सला राहते. जवळच्या लँकेस्टर गावात विटांच्या जुन्या इमारतींचं एक मोठं आवार आहे. कितीतरी वर्षं मला ते बंद पडलेलं कॉलेज वाटायचं. ती १८५६ साली उघडलेली मुलींची सरकारी सुधारशाळा होती, अमेरिकेतली अशी पहिली. १९७०च्या दशकात ती बंद झाली आणि मग तिथे तुरुंग आला.

कोठड्या नकोत, घरं हवीत, अशी मूळ कल्पना होती. फ्रान्समधल्या मेत्रे गावच्या, गुन्हेगार मुलग्यांसाठीच्या वसाहतीचा नमुना समोर होता. एकेका घरात तीसेक मुली आणि देखरेखीला एक मेट्रन. वयं ७ ते १६. शिवण, स्वयंपाक, धुणं, थोडं लिहिणं-वाचणं; मग कुणाच्या तरी घरी कराराने कामाला.

मला अस्वस्थ करतो तो शाळेच्या नोंदवहीतला गुन्ह्याचा रकाना. चोरी, भटकणं हे आहेच, पण पुन्हा पुन्हा येतो तो एकच शब्द: 'स्टबर्न'. अनेकींना खुद्द आई-वडिलांनीच कोर्टात उभं केलं होतं. आई-बापांचं न ऐकणं हा इथे १६४६पासून गुन्हा होता, तो कायदा १९७३ साली रद्द झाला! आईला फोनवर हे वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, मग आम्ही तिघी बहिणी तिथेच गेलो असतो."

आता अडचण सांगते. माझ्याकडे नोंदवहीच्या काही पानांच्या प्रती आहेत. अक्षर तिरकं, शाई पसरलेली. मुलगी कोणत्या गावी कामाला गेली ते लागतं, पण मालकाचं आडनाव लागत नाही. एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी हस्ताक्षर वाचायची सवय असलेलं कुणी आहे का? १८६० आणि १८७०च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या मुलींचा माग कुणी काढला आहे का? आयरिश आडनावं दर वेळी वेगळी लिहिलेली दिसतात, तेव्हा शोध कशावरून घ्यायचा? वय, जन्मस्थान, की मालकाचं घर?

आणखी एक. यावर मराठीत लेख लिहितेय. त्या रकान्यातल्या 'स्टबर्न' शब्दाला 'हट्टी' फार लाडिक वाटतं, 'उनाड' म्हटलं तर मीच त्यांच्यावर आरोप केल्यासारखं होतं. सध्या 'ऐकत नाही' एवढंच लिहिलंय. याहून नेमका शब्द कुणाला सुचतोय का?